तब्येत सुधारण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम (सातारा-सांगली आवृत्ती)

हा अभ्यासक्रम फक्त सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या नवशिक्यांसाठी आहे. पात्रता साधी आहे: वय चाळिशीच्या आसपास, पट्टा शेवटच्या भोकावर आणि रक्ताच्या रिपोर्टात निदान एका आकड्यापुढं वर तोंड केलेला बाण. पुण्या-मुंबईच्या उमेदवारांनी आपली सोय दुसरीकडं बघावी. तिकडं पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात. आपल्याकडं विचारत नाहीत, आधण ठेवतात. तब्येतीचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी साहित्य गोळा करावं. नवशिका पहिल्याच दिवशी तालुक्याला जाऊन ओट्स, चियाच्या बिया आणि ग्रीन टी घेऊन येतो. या खरेदीला आमची हरकत नाही. पाकिटं ओट्यावर, खिडकीजवळ मांडावीत, म्हणजे आल्या-गेल्याला आपण सुधारतोय हे कळतं. खायचं साहित्य वेगळं आहे आणि ते बहुतेक घरातच असतं: शाळू, हुलगे, घेवडा, शेंगदाणे, दही, हळद. फक्त ते फळीवर मागं, स्टीलच्या डब्यात असतं आणि त्याच्यावर किती कॅलरी ते छापलेलं नसतं, त्यामुळं विश्वास बसत नाही.

पहिला धडा भाकरीचा. त्यातला एकमेव सक्तीचा नियम असा की, ‘उद्यापासून आपल्या घरात चपाती बंद, भाकरी सुरू’ अशी घोषणा करणारा माणूस आणि ती भाकरी थापणारा माणूस एकच असला पाहिजे. आजवर शेकडो आरोग्यक्रांत्या पुरुषांनी पलंगावर बसून जाहीर केल्या आणि बायकांनी चुलीपुढं बसून अमलात आणल्या. त्या मोजल्या जाणार नाहीत.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या पट्ट्यात रब्बीला शाळू होतो. त्याचं पीठ ताजं दळलेलं घ्यावं. फार दिवस ठेवलं की त्याचा चिकटपणा जातो, वास येतो आणि भाकरी तुटते. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून कणकेसारखं हे पीठ ताणत नाही आणि लाटायला गेलं की फाटतं. म्हणून उकळतं पाणी घालायचं. त्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि गोळ्याला धर येतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ परातीत ओढून, तळहाताच्या टाचेनं रेटून मळावं. गोळा मऊ झाला की खाली पीठ भुरभुरून बोटं आडवी ठेवून थापावं. भाकरी हाताखाली आपली आपण गरगर फिरली पाहिजे. कडेला चिरा गेल्या तर मळणं कमी पडलं असं समजावं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्यावी, तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी पुरतं वाळायच्या आत भाकरी उलटावी. मग जाळावर. फुगली तर पास. या सगळ्या वेळात घरातली एखादी अनुभवी बाई मागं उभी राहील. ती बोलणार काही नाही. तिच्या न बोलण्याकडं लक्ष देऊ नये.

भाकरीबरोबर काय, हे सांगायची गरज नाही. कृष्णाकाठची वांगी भाजावीत, वर कच्चा कांदा, दही, खर्डा. इथं एक धोक्याची सूचना आहे. भाकरी तब्येतीला चांगली म्हणून सहा खाल्ल्या तर सहाच भाकरी पोटात जातात. चांगुलपणा वेगळा वजा होत नाही.

भाकरीचा हात बसला की हुलगे काढावेत. माणदेशात हे पीक कमी पाण्यावर येतं, आणि बैलाला-घोड्याला चारतात म्हणून घरातली पोरं त्याला नाक मुरडतात. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. व्यायामशाळेत जाणाऱ्या चिरंजीवांना हा आकडा सांगावा, धान्याचं नाव नंतर सांगावं. माडगं करायला सोपं: हुलग्याचं पीठ थंड पाण्यात कालवायचं, लसूण-जिऱ्याच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात बारीक धारेनं सोडायचं आणि ढवळत राहायचं. मध्येच मोबाईल वाजला आणि हात थांबला की गुठळ्या होतात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचं त्याहून बरं आहे. अंगावर लाल पट्टे, चवीला किंचित गोड आणि वर भौगोलिक मानांकन. रात्रभर भिजवून तो पुरता शिजवावा. कच्चट राहिला तर मानांकनासकट पोट बिघडवतो.

आता साखर. इथं बहुतेक विद्यार्थी गळतात आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. कृष्णा-वारणेच्या काठानं जिकडं बघाल तिकडं ऊस आहे. दिवाळीच्या तोंडावर कारखाना सभासदांना सवलतीच्या दरानं साखर देतो. शेअर आजोबांच्या नावावर, कार्ड वडिलांच्या कपाटात आणि पोतं आपल्या दारात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे सहा चमचे. सकाळी तीन घरं फिरून लग्नाची पत्रिका वाटली की हा कोटा संपतो, आणि पत्रिका अजून पिशवीभर उरलेल्या असतात. संघटनेच्या तज्ज्ञांनी आपल्याकडं पत्रिका वाटलेल्या दिसत नाहीत.

तेव्हा आग्रह मोडून काढण्याचा सराव करावा. पहिल्या ‘नको’ला इथं काही किंमत नाही, ती रीत आहे. दुसऱ्या ‘नको’ला “अवो, एवढ्याशानं काय हुतंय?” असं उत्तर येतं. तिसऱ्यांदा नको म्हटलं की वैनींना वाटतं, आपल्या घरचं चालत नाही. “शुगर निघालीय” हे हुकमी पान समजून नवशिका ते टाकतो. त्यावर वैनी प्रसन्न होऊन म्हणतात, “मग गुळाचा टाकते की!” आणि चुलीकडं वळतातसुद्धा. गूळही उसाचाच आणि त्यातही बहुतेक साखरच, हे शास्त्र त्या वेळी सांगू नये. त्याऐवजी घरात पाऊल टाकतानाच, पाणी यायच्याही आधी, आपण होऊन मोठ्यानं म्हणावं: “वैनी, ताक आहे का हो?” पाहुण्यानं मागून घेतलं याचा मान घराला मिळतो, कारभारीण खूश होते, आणि आपल्या पोटात लोणी काढून घेतलेलं पातळ, आंबट, निरुपद्रवी पेय जातं. मीठ कमी घालायला सांगावं. एवढ्यावर भागलं नाही तर पेढ्याची तयारी ठेवावी.

पेढ्याबद्दल थोडक्यात. साताऱ्याचा कंदी पेढा भाजून भाजून तांबूस केलेल्या खव्याचा असतो, कमी गोड असतो आणि टिकतो. यातला एकही गुण औषधी नाही. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पाव किलो वाटण्याची प्रथा बंद करावी. भडंगाला ‘नुसते चुरमुरेच तर आहेत’ असं म्हणणाऱ्यानं खाऊन झाल्यावर आपली बोटं उजेडात धरून बघावीत. आणि तासगावचा बेदाणा हे फळ आहे, मान्य. पण एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात. पाणी शेडमध्ये उडून जातं, साखर जाळीवरच राहते. हिशेब त्या मापानं करावा.

हळदीचा विषय सांगलीकरांना शिकवणं म्हणजे आगाऊपणा, पण तो करावा लागतोय. नऊ महिने पीक सांभाळायचं, काढायचं, शिजवायचं, उन्हात वाळवायचं, पॉलिश करायचं. हरिपुरात तर जमिनीच्या पोटात पेवं खणून हळद वर्षानुवर्षं ठेवत. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि या गावातला सुशिक्षित माणूस हळदीच्या अर्काच्या गोळ्या ऑनलाइन मागवतो. गंमत अशी की हळदीतलं करक्युमिन शरीर फारसं शोषून घेतच नाही. बरोबर मिरी असली तर थोडं जास्त घेतं. म्हणजे आपल्या आमटीत हळद, मिरी आणि तेल एकत्र पडतं ते काही वाईट नाही. पण आमटीला बाटली नाही, झाकण नाही, ‘दिवसातून दोनदा’ अशी चिठ्ठी नाही.

इथवर पोट झालं. आता वाचन, ज्याच्याबद्दल आमचं मत जरा कडक आहे. सकाळी मोबाईलवर येणारं ‘भेंडीचं पाणी प्या, चाळीस रोग पळवा’ हे वाचन धरलं जाणार नाही. आरोग्याचं पुस्तक वाचायचंच असेल तर ते आपल्याच मातीतलं आहे. औंध संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांत होता. औंध आज साताऱ्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. म्हणजे हा अभ्यासक्रम मुळात एकाच राजाचा आहे. भवानराव पंतप्रतिनिधी आधी युजेन सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत, मग सूर्यनमस्कारांकडं वळले, आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ साली लंडनात निघालं. प्रजेला सांगायचं आणि आपण गादीवर लोळायचं असा हा राजा नव्हता. रोज पहाटे तो स्वतः नमस्कार घाली. त्यांच्याच आश्रयाला औंधात राहून पंडित सातवळेकर वेदांबरोबर आसनांवरही लिहीत होते. ते १८६७ ला जन्मले आणि १९६८ ला गेले, म्हणजे शंभरी ओलांडून. असलं पुस्तक आडवं पडून वाचलं तर लागू पडत नाही, एवढी नोंद करून ठेवावी.

याच संस्थानानं दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ आणि पुढं ‘स्त्री’, ‘मनोहर’ निघू लागली. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारातून मासिकं घरोघर जात होती, हे आता कुणाला खरं वाटत नाही. जुने अंक मिळाले तर चाळावेत.

‘आमची जुनी माणसं बघा, भाकरी-हुलगे खाऊन कशी काटक!’ असं ज्याला वारंवार वाटतं, त्याला आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लावली आहे. १९५५ ची कादंबरी, औंध संस्थानातल्या धनगरवाडीवरची. तिच्यातली माणसं अंगानं हलकी आहेत, ती आहारशास्त्र पाळून नव्हे. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठते. भाकरीचं कौतुक जरूर करावं, पण तिच्यासाठी वणवण केलेल्या माणसांच्या बरगड्यांना तब्येतीचा नमुना समजू नये. हा धडा आम्ही पचनासाठी ठेवला आहे.

पुस्तक घरपोच मागवू नये. वाचनालयात चालत जावं, बदलून आणावं. सांगलीचं नगर वाचनालय १८६९ चं आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी त्यात शिरलं आणि भिजलेल्या पुस्तकांचे ढीग बाहेर काढावे लागले. वर्गणी भरून पुस्तक नेणारे वाचक अशा वाचनालयाला लागतात, नुसती हळहळ नको. वाईला मराठी विश्वकोशाचं घर आहे. त्याचे वीस खंड असून एकेक असा भरभक्कम आहे की, खालच्या फळीवरून वाकून काढला आणि पुन्हा ठेवला तरी दंडाला व्यायाम होतो. चुकून उघडला गेला तर नोंदीवरून नोंदीवर जाताना रात्रीचं जेवण उशिरा होतं, हा एक तोटा.

शेवटची पायरी म्हणजे शैक्षणिक सहल. पाचगणी-महाबळेश्वर वाटेवरचं भिलार हे ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, पण तिथं पुस्तकं विकायला असतात; इथं गावकऱ्यांच्या घरांत, लॉजमध्ये, देवळात ती मांडून ठेवली आहेत. कुणाच्या ओसरीवर इतिहास, कुणाकडं कविता. सुरुवात पंचवीस ठिकाणांपासून झाली. पुस्तक उचलायचं, बसायचं, वाचायचं, ठेवून द्यायचं. नवशिका मात्र सहकुटुंब जातो, कपाटापुढं फोटो काढतो आणि उरलेला दिवस स्ट्रॉबेरीच्या शेतात घालवतो. स्ट्रॉबेरी फळ म्हणून उत्तमच आहे, पण ती वाडग्यात, क्रीम आणि साखरेखाली बुडालेली असते.

म्हणून भिलारला पावसाळ्यात जावं. स्ट्रॉबेरीचा हंगाम तेव्हा नसतो, धुक्यात समोरचं घर दिसत नाही, फोटो येत नाहीत. पुस्तक उघडण्यावाचून दुसरा इलाज राहत नाही. चहा मात्र येईल. ताक आधी मागून ठेवा.