अपरिहार्य कारणास्तव

मार्च 2017 मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे शिवसेना खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला निघाले. तिकीट बिझनेस क्लासचं आणि विमान अख्खं इकॉनॉमीचं. दिल्लीत पोचल्यावर वाद पेटला, खासदारांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं आणि फटके पंचवीस होते हेही कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगून टाकलं. विमान कंपन्यांनी एकजुटीने त्यांच्यावर बंदी घातली. खासदार रेल्वेने परतले, एप्रिलात खेदाचं पत्र गेलं आणि बंदी उठली.

सरकारने हा प्रकार फारच मनावर घेतला. सहा महिन्यांत, सप्टेंबर 2017 मध्ये, बेशिस्त प्रवाशांसाठी ‘नो फ्लाय लिस्ट’ तयार झाली. शिवीगाळ केली तर 3 महिन्यांपर्यंत, हात उचलला तर 6 महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान 2 वर्षं विमानबंदी. त्यात वावगं काहीच नाही. चपलेचा निकाल लागला, एवढंच. खुर्चीची फाइल मात्र बराच काळ धावपट्टीवरच उभी राहिली.

वरच्या वर्गाचे पैसे घेऊन खालच्या वर्गात बसवलं तर प्रवाशाच्या हाती काय पडणार? याचा मसुदा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, काढला डिसेंबर 2022 मध्ये. मसुदा ऐटबाज होता. तिकिटाचे करांसकट सगळे पैसे परत, वर खालच्या वर्गातला प्रवास फुकट. फेब्रुवारी 2023 मध्ये नियम लागू झाला तेव्हा देशांतर्गत प्रवासासाठी परतावा 75 टक्क्यांवर आला होता. परदेशी जायचं असेल तर 1,500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 3,500 पर्यंत 50 आणि त्यापुढे 75. मुंबईहून दुबईला जाताना गादी गेली तर निम्मे पैसे, लंडनला जाताना गेली तर पाऊण. डाऊनग्रेडवरच्या नियमाचंच दोन महिन्यांत डाऊनग्रेड झालं, आणि त्याची भरपाई कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

बरं, हा सगळा थाट बिझनेस क्लासचा. मुळात इकॉनॉमीतच बसलेल्याला आणखी खाली कुठे ढकलणार? त्याचं फक्त विमान बदलतं. शिवनेरीचं तिकीट काढलेल्यासमोर लाल परी उभी करावी, तसं एअरबसच्या जागी एटीआर येऊन उभं राहतं. लवकर उतरता यावं म्हणून कुणा काकांनी पहिल्या रांगेसाठी जादा पैसे मोजलेले असतात. एटीआरला चढायचं-उतरायचं ते मागच्या दाराने. पहिल्या रांगेतले काका आता सगळ्यात शेवटी उतरणार. डोक्यावरचा कप्पा एवढासा, म्हणून त्यांची चाकाची बॅग शिडीपाशीच काढून घेतात आणि सामानात टाकतात. बॅगेत बीपीच्या गोळ्या आहेत, हे काकांना तिसऱ्या पायरीवर आठवतं. विमान वेळेवर सुटलं आणि वर्गही तोच राहिला, तर नियमपुस्तकाच्या लेखी काकांचं काहीच बिघडलेलं नाही.

कंपन्यांची बाजूही आहे. बिघडलेलं विमान उडवण्यापेक्षा बदललेलं केव्हाही बरं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळी नागपूरला पक्षी धडकला की त्याचा हिशेब रात्री कोचीपर्यंत चुकता होत राहतो. मोठं विमान मिळालं म्हणूनही भागत नाही. दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू लागतो. 186 आसनांच्या ए320 ला चार पुरतात, 232 आसनांच्या ए321 ला पाचवा शोधावा लागतो. उलटी अदलाबदल झाली आणि मोठं विमान भरलेलं असलं, तर 46 माणसं दारातच उरतात. त्यांच्यासाठी नियम आहे. तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही, 24 तासांच्या आतलं दिलं तर जास्तीत जास्त 10 हजार रुपये, त्याहून उशिराचं दिलं तर 20 हजारांपर्यंत.

विमान बदलण्यात वेळ गेला तर? आपल्याकडे उशिराची भरपाई खाण्यापिण्यातून होते. सहा तासांवर गेलं की दुसरं विमान किंवा पैसे परत, रात्र काढावी लागली तर हॉटेल. ठरलेली रोख रक्कम नाही. युरोपात 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमाने 250 ते 600 युरो द्यावे लागतात, आणि युरोपातून सुटणारी भारतीय कंपनीही त्यातून सुटत नाही. नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब तिथे चालत नाही, असं युरोपीय न्यायालयाने 2008 मध्येच अलितालियाच्या खटल्यात बजावलं. त्यामुळे भारतीय कंपनीचं तेच विमान मुंबईहून फ्रँकफर्टला पाच तास उशिरा पोचलं तर सँडविच, आणि फ्रँकफर्टहून मुंबईला तितक्याच उशिरा पोचलं तर 600 युरो. तक्रारखोर मराठी माणसाने बिघाड परतीच्या प्रवासात व्हावा म्हणून नवस बोलायला हरकत नाही.

दाद लवकर लागते ती मंत्र्यांना. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांना भोपाळ-दिल्ली विमानात मोडकी खुर्ची मिळाली. त्यांनी समाजमाध्यमावर लिहिलं, कंपनीने जाहीर माफी मागितली, डीजीसीएने विचारणा केली. बाकीच्यांसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. काकांनी रत्नागिरीत अर्ज टाकायचा, जुना-नवा बोर्डिंग पास जोडायचा आणि तारखेला हजर राहायचं. कंपनीचे वकील दिल्लीहून येतील. त्यांचं विमान ऐनवेळी बदललं, तर पुढची तारीख.