बावन्न गेले, बावन्न आले

लातूर आणि नांदेड यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हावं, अशी अपेक्षा मराठवाड्यात कुणी करत नाही. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्हीकडं मोर्चे निघाले, बाजारपेठा बंद राहिल्या, कागद कोर्टात गेले. माझं आजोळ नांदेडचं आणि घर लातूरचं, त्यामुळं हा वाद मला पेपरात वाचावा लागला नाही. दर दिवाळीला तो घरीच मुक्कामाला यायचा. मामा गोदावरीचं नाव काढायचे. काका म्हणायचे, ‘‘तुमच्याकडं नदी आहे, आमच्याकडं निकाल आहे.’’ लातूर पॅटर्नचा हा टोला बरीच वर्षं चालला. पण २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि मामांच्या हाती कायमचं हत्यार लागलं. आता काकांनी कुठल्याही विषयावर तोंड उघडलं, की मामा आधी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवतात.

अशा या दोन माणसांचं एका मुद्द्यावर मात्र स्टँपपेपरवर लिहून द्यावं इतकं एकमत आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चा विषय निघाला, की दोघं एका सुरात म्हणतात, ‘‘लक्ष्मणरावांची सर न्हाई.’’

तरुण वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. प्रा. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवायचे. १९७९ साली त्यांनी हा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आणला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला निघतं, एवढीच गोष्ट. पण त्या वऱ्हाडातली बाप्पा, बबन्या, जानराव अशी सगळी मिळून ५२ माणसं एकटे लक्ष्मणराव उभी करायचे. म्हातारे, पोरं, बाया, रुसलेले, पेंगुळलेले, सगळे. जवळपास तीन तास. गिनीज बुकात नोंद झाली, परदेशात प्रयोग झाले, लोक त्यांना ‘वऱ्हाडकार’ म्हणू लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये ते गेले. पुढं काही वर्षांनी संदीप पाठक हा नट तेच वऱ्हाड घेऊन निघाला आणि आमच्या घरात जो तंटा सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

या तंट्याचं जागतिक स्वरूप आम्हाला भाच्यामुळं कळलं. तो पुण्यात नोकरी करतो आणि काळ्या टीशर्टात गावी येतो. त्याच्या छातीवर कधी एसी/डीसी असतं, कधी क्वीन. मामांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा विचारलं, ‘‘वायरमनची कंपनी हाय का रं?’’ भाच्यानं समजावलं, की हा ऑस्ट्रेलियाचा रॉक बँड आहे. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला, बँड बंद करावा की काय असं झालं होतं, पण ब्रायन जॉन्सन नावाचा नवा गायक घेऊन त्याच वर्षी जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ आला आणि जगात सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांत जाऊन बसला. तरी अजून दोन तट आहेत. एक म्हणतो बॉन स्कॉट गेला तेव्हाच बँड संपला, दुसरा म्हणतो खरा बँड तेव्हा सुरू झाला.

‘‘पाच महिन्यात?’’ काका हळहळले. ‘‘वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं.’’

‘‘मुखपृष्ठ पूर्ण काळं ठेवलं होतं, आजोबा. दुखवटा म्हणून.’’

‘‘मंग ठीक हाय,’’ काकांनी ऑस्ट्रेलियाला माफ केलं.

क्वीनची कथा तर आणखी जवळची निघाली. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. १९९१ साली तो गेला आणि हल्ली त्याच्या जागी अ‍ॅडम लँबर्ट गातो. पाचगणीचं नाव ऐकून मी उत्साहानं म्हणालो, ‘‘म्हणजे आपल्याच बाजूचा की!’’ मामांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘पाचगणी म्हंजी सातारा. तिकडं पाऊस पडतो. आपल्या बाजूचा कसा काय झाला त्यो?’’

काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळं त्यांनी हिशेब मांडला. क्वीनमध्ये माणसं चार, गेला एक, म्हणजे घट पंचवीस टक्के. ‘‘आमच्या वऱ्हाडात माणसं बावन्न. गेली किती? बावन्न. शंभर टक्के! मूळ भांडवलच बुडालं. आता ह्याला तेच खातं कसं म्हणायचं, तूच सांग.’’

भाच्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडंही नव्हतं. नाटकात बदली नट येतो, यात नवं काही नाही. ‘नटसम्राट’ १९७० साली डॉ. लागूंनी उभं केलं, पुढं दत्ता भट, सतीश दुभाषी अशांनी ते पेललं, आणि कोणाचे अप्पासाहेब बेलवलकर थोर यावर दोन पिढ्यांनी चहा थंड केला. कोकणच्या ‘वस्त्रहरण’मधून २००७ साली मच्छिंद्र कांबळी गेले, तरी ते नाटक पुढं चाललं. पण तिथं निदान बाकीचा संच मागं उभा असतो. नवा अप्पासाहेब डगमगला तरी कावेरी सावरून घेते. वऱ्हाडात सावरायला कोण? बबन्या अडखळला तर बाप्पानं सांभाळावं, तर बाप्पाही तोच. नवऱ्या मुलाचा बापही तोच आणि रुसणारे पाहुणेही तेच. म्हणून मला पहिल्यापासून वाटतं, की या बदलीला हिंमत नव्हे, वेडच लागतं.

आमच्या घरातले आक्षेप मात्र वेगळ्याच जातीचे होते. पहिला भाषेचा. संदीप पाठक बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे. ‘श्वास’पासून त्यांचा चेहरा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण मामांच्या लेखी माजलगाव हा परमुलूख. ‘‘बीडचा हेल येगळा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आमी बोलूलालाव तसं ते बोलत न्हाईत.’’

‘‘मामा, पण लक्ष्मणराव तरी नांदेडचं कुठं बोलायचे?’’

‘‘त्यांचं चालतंय.’’

मराठवाडी म्हणून एकच भाषा आहे, असं बाहेरच्यांना वाटतं. देगलूर-धर्माबादकडं गेलात, तर मराठीच्या तोंडात तेलुगूची गोळी असते. उदगीर-निलंग्याकडं कानडी डोकावते. नांदेड शहरात वजिराबादला उभं राहून दहा मिनिटं कान दिला, तर मराठीत दखनी आणि दखनीत पंजाबी मिसळलेली ऐकू येते. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, आणि माझ्या कानावर विश्वास ठेवाल तर प्रत्येक रस्त्यानं येणारा शेतकरी ‘काय करूलालास’ निराळ्या सुरात म्हणतो. लक्ष्मणरावांनी या सगळ्यातून एक बोली बेतली, जी प्रत्येकाला शेजारच्या गावची वाटावी. त्यामुळं हसताना कुणालाच आपल्यावर हसतोय असं वाटलं नाही. नांदेडकर लातूरकरांवर हसले, लातूरकर नांदेडकरांवर, आणि दोघं मिळून परभणीवर. संदीप पाठकांनी तीच युक्ती चालवली तर आमच्याकडं म्हणतात, की ह्याची बोली पक्की कुठलीच नाही.

दुसरा आक्षेप काकांचा. ‘‘थांबत न्हाई हा. लक्ष्मणराव जिथं थांबायचे तिथं हा थांबत न्हाई.’’ हा आक्षेप मला गंभीर वाटला. विनोदात थांबणं हेच सगळं असतं, एवढं मलाही कळतं. म्हणून मी चौकशी केली, की काकांनी लक्ष्मणरावांचा प्रयोग कुठं बघितला होता.

‘‘बघायला कशाला पायजे? पाठ हाय की.’’

मग उलगडा झाला. काकांनी वऱ्हाड बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. मामांनीही. ज्यांनी ज्यांनी माझ्याशी या विषयावर गळ्याच्या शिरा ताणून भांडण केलं, त्यांतल्या बहुतेकांचे लक्ष्मणराव कॅसेटमधले होते. कॅसेटच्या त्या दिवसांत वऱ्हाड कुठं नव्हतं? गणपतीच्या मांडवात, पानटपरीवर, लग्नघरी जेवणावळ उठेपर्यंत, वडापच्या जीपमध्ये. जीप अहमदपूरपर्यंत पोचायची, वऱ्हाड मात्र अजून विमानात चढलेलं नसायचं.

मामांकडची कॅसेट तर विकतचीही नव्हती. शेजाऱ्याची आणून, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर तोंड करून ठेवून, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून भरलेली. त्यामुळं तिच्यात मध्येच कुकरची शिट्टी आहे. एका ठिकाणी मामी भाजीवाल्याला हाक मारतात. मामांना हे सगळं संहितेसकट पाठ आहे. नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात आम्ही संदीप पाठकांचा प्रयोग बघायला गेलो, तेव्हा मामा माझ्या शेजारी बसून एक वाक्य पुढं चालले होते. नटाच्या आधी संवाद, संवादाच्या आधी हसू. एका जागी ते एकदम गप्प झाले, वाट बघत राहिले आणि मग हिरमुसले. घरी येताना रिक्षात बसल्यावर बोलले, ‘‘बघ, तिथं ह्यानं घाई केली.’’ मी घरी जाऊन कॅसेट लावली. तिथं शिट्टी होती.

आता सांगा, या स्पर्धेत कोणता नट टिकेल? जिवंत माणूस रोज वेगळा असतो. त्याचा घसा बसतो, समोर थंड प्रेक्षक बसतात, लाइट जातात. कॅसेट मात्र थकत नाही. खुद्द लक्ष्मणराव दर प्रयोगात तेच आणि तसंच करत असतील, असं मानायला मी तयार नाही; पण आमच्या काकांनी तेवढं स्वातंत्र्य त्यांनाही दिलं नव्हतं. एक आठवण मुद्दाम सांगतो. लक्ष्मणराव हयात होते, प्रयोग जोरात होते, तेव्हाही आमच्या ओट्यावर हेच वाक्य चालायचं: ‘‘पहिले लक्ष्मणराव राहिले न्हाईत आता.’’ म्हणजे लक्ष्मणरावांच्या जागी आलेले पहिले बदली नट खुद्द लक्ष्मणराव होते, आणि त्यांनाही आम्ही नापास केलं होतं.

या बाबतीत आमच्या तमाशाचा प्रेक्षक मला जास्त शहाणा वाटतो. नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. तिथं मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, कुस्त्या, लावणी आणि तमाशाचे फड. फडाच्या पाटीवर नावं वाचा: ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. कांताबाई २०२१ साली गेल्या. पण पाटीवरचा तो ‘सह’ पुसायची घाई कुणाला होत नाही. विठाबाई नारायणगावकरांनंतर त्यांची लेक मंगला बनसोडे फड घेऊन उभ्या राहिल्याच. काळू-बाळू तर जुळ्या भावांची जोडी. त्यांच्या माघारीही नाव चालतच राहिलं. जमिनीवर पटकूर अंथरून बसलेला माणूस मूळ संच कुठाय म्हणून विचारत नाही. ढोलकी वाजली का, बत्ती नीट आहे का, सोंगाड्या हसवतोय का, एवढंच बघतो. नाही हसवलं तर मात्र जागेवरच सांगतो, घरी जाऊन कॅसेट लावत नाही.

भाच्यानं मला एकदा खिंडीत गाठलं. ‘‘मामा, तुम्ही स्वतः सांगा ना. लक्ष्मणराव की पाठक?’’ मी लातूर-नांदेडच्या मधला माणूस, दोन्हीकडं जेवणारा, त्यामुळं अशा प्रश्नांना बगल द्यायचा मला सराव आहे. पण यावर माझं मत आहे. लक्ष्मणराव मोठे, यात शंका नाही. कोऱ्या रंगमंचावर ही माणसं पहिल्यांदा त्यांनी आणली. मात्र १९७९ साली विमान ही आमच्याकडं मान वर करून बघायची चीज होती. खेड्यातली माणसं त्यात बसतात या नुसत्या कल्पनेलाच निम्मं हसू ठरलेलं होतं. आज नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. लातूरच्या विमानतळावर विमानापेक्षा चर्चा जास्त उतरतात, हा भाग वेगळा. गल्लीतल्या दर चौथ्या घरातला पोरगा पुण्यात, त्यातला एखादा खरंच लंडनमध्ये. आई-बाप तिकडं सहा महिने राहून, थंडीला नावं ठेवून परत आलेत. अशा लोकांना बसवून, विमानाचं अप्रूप संपल्यावर, तेच वऱ्हाड घेऊन तीन तास हसवायचं, हे काम लक्ष्मणरावांना करावं लागलं नव्हतं. ते संदीप पाठक करतात. आणि नांदेडच्या त्या प्रयोगात, कुकरची शिट्टी न वाजलेल्या त्या घाईच्या जागेनंतर, मामा डोळे पुसून पुसून हसत होते, हे मी स्वतः बघितलंय. त्यांना विचारलंत तर ते म्हणतील, डोळ्यात कचरा गेला होता.

तुमच्या गावी वऱ्हाडाचा प्रयोग लागला तर जरूर जा. शेजारच्या खुर्चीवरच्याला पुढचं वाक्य ऐकवू नका, नटाला म्हणू द्या. आणि कृपा करून आयोजकांकडं फुकटचा पास मागू नका. आमच्या मामांनी मागितला होता, मिळालाही, आणि लक्ष्मणरावांची सर नाही हे ते पासावर बसूनच म्हणाले. बावन्न जणांचं एकट्यानं बोलणाऱ्या माणसासाठी एक तिकीट विकत घेणं काही जड नाही.