सुकाणू हाती, नोकरी अधांतरी

सुकाणू ज्याच्या हाती असते त्याला कामगार म्हणावे की नाही, याचा कीस न्यायालये अनेक दशके पाडत आली असली, तरी व्यवस्थापनशास्त्राने त्याचे उत्तर केव्हाच शोधून ठेवले आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ ठरणाऱ्यालाच तडजोडीचे व भरपाईचे संरक्षण दिले आणि व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला त्या व्याख्येतून वगळले. तेव्हा संघटना मोडत बसण्यापेक्षा संघटनेतला माणूसच व्याख्येबाहेर नेऊन ठेवला, तर निलंबनापासून कोर्टकचेरीपर्यंतचा सारा खटाटोप वाचतो. या शोधाचे प्रयोग मुंबईच्या उपनगरांत आकाशात आणि रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी चालू आहेत.

जुनी पद्धत ओबडधोबड होती. संघटना काढल्यावर दोन सहकाऱ्यांना नारळ मिळाला म्हणून जेट एअरवेजच्या वैमानिकांनी 2009 च्या सप्टेंबरात सामूहिक आजारपणाची रजा टाकली. शेकडो धडधाकट माणसांनी एकाच दिवशी आजारी पडावे आणि समझोता होताच ठणठणीत बरे व्हावे, अशा या साथीची नोंद वैद्यकशास्त्राने अद्याप घेतलेली नाही. 2012 साली तिचा उद्रेक एअर इंडियात झाला आणि तो 58 दिवस टिकला. त्याचे मूळ अधिक गहन होते, कारण 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया एक झाल्या, तरी बढतीचा क्रम ठरवणाऱ्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या काही एक होईनात, आणि नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणत्या घराण्याच्या वैमानिकांना मिळावे, हा प्रश्न भाऊबंदकीच्या पातळीवर गेला. सरकारी मालकाने इंडियन पायलट्स गिल्डची मान्यता काढून घेतली व अनेकांना बडतर्फ केले. म्हणजे व्हायचा तो बभ्रा झालाच.

टाटा समूहाने 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया ताब्यात घेतल्यावर हाताळणीला सुसंस्कृतपणा आला. 2023 च्या एप्रिलमध्ये वैमानिकांपुढे जो नवा वेतनकरार ठेवला गेला, त्यात हमीचे तास, म्हणजे विमान उडो वा न उडो ज्यांचा भत्ता मिळायचाच असे महिन्याचे तास, 70 ऐवजी 40 धरले होते. परंतु खरी कलाकुसर पदनामात होती. कमांडर म्हणून काही वर्षे काढलेल्यांना ‘सीनियर कमांडर’ करून व्यवस्थापन-श्रेणीत बसवण्याची ती तरतूद होती. काल ज्याने व्यवस्थापनाकडे मागणी करायची, तोच आज व्यवस्थापन झाल्यावर मागणी कोणाकडे नेणार, याचा खुलासा करारात नव्हता. वैमानिकांच्या दोन्ही संघटनांनी हरकत घेतली, तेव्हा कंपनीत मान्यताप्राप्त संघटनाच नाही असे उत्तर मिळाले, आणि दीड हजार वैमानिकांना रतन टाटांकडे विनंतीपत्र धाडावे लागले. महिन्याला लाखांत कमावणाऱ्यांची सामूहिक सौदाशक्ती अखेर एका वयोवृद्ध गृहस्थांच्या सौजन्यावर येऊन टेकली, हे कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी अवश्य टिपून ठेवावे.

नोकरीच्या शाश्वतीविषयी तर तक्रारीला जागाच नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमानुसार कमांडरला राजीनाम्याची सूचना 1 वर्ष आधी आणि सहवैमानिकाला 6 महिने आधी द्यावी लागते; शाश्वती आहे, फक्त ती कंपनीला आहे. उलट बाजूचा हिशेब पाहायचा तर, जेट एअरवेजने 17 एप्रिल 2019 रोजी सेवा थांबवल्याचे जाहीर केले आणि त्याच रात्रीचे अमृतसर-मुंबई विमान शेवटचे ठरले. तोवर वैमानिकांचे काही महिन्यांचे पगार थकलेलेच होते. कंपनी अवसायनात काढून, म्हणजे तिची मालमत्ता विकून घेणेकऱ्यांची देणी भागवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला 7 नोव्हेंबर 2024 उजाडला.

चारकोपात हा विषय जमिनीवर उतरतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखलेल्या, सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीतून कांदिवली स्टेशन गाठायचे, तर मुंबईच्या बेस्ट उपक्रमाची बस किंवा शेअर रिक्षा. आणि बेस्टने विमान कंपन्यांची एक युक्ती उचलली आहे. वेट लीज म्हणजे वाहन, चालक, देखभाल व विमा असे सारे एकत्र भाड्याने घेणे. विमान कंपन्या अडीनडीला अशी चार विमाने घेतात, बेस्टचा बहुतांश ताफाच तसा झाला. बसच्या अंगावर बेस्ट, तिकिटावर बेस्ट, पुष्कळदा घंटी वाजवणारा वाहकही बेस्टचा. चालकाच्या पगाराच्या कागदावर मात्र कंत्राटदार. एकाच गाडीतल्या या दोन माणसांचे मालक दोन, पगार दोन, रजेचे नियमही दोन. सामाईक काय असेल, तर फेरी संपल्यावरचा कटिंग चहा. वैमानिकाला वर ढकलून जे साधते, ते येथे माणूस बाजूला सारून साधले.

जानेवारी 2019 च्या 9 दिवसांच्या संपानंतर, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, कामगार संघटनेने भाड्याच्या बसना असलेला विरोध सोडला आणि बदल्यात स्वमालकीच्या 3,337 बस राखण्याचे ठरले. गाड्यांनी हा करार वाचलेला नसावा. त्या 15 वर्षांच्या झाल्या की भंगारात जात राहिल्या, पुरेशा नव्या आल्या नाहीत, आणि 2025 पर्यंत त्यांची संख्या हजाराच्याही खाली गेली. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी चालकांनी ‘समान काम, समान वेतन’ म्हणत गाड्या उभ्या केल्या, तेव्हा ज्या उपक्रमाच्या नावाने ते बस चालवत होते, तो कागदोपत्री त्यांचा मालकच नव्हता. वैमानिकाला बोइंगवरून एअरबसवर जायचे, तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरते वेगळे प्रशिक्षण व परीक्षा, सक्तीची असते. डिझेलच्या बसवरून विजेच्या, स्वयंचलित गिअरच्या बसवर येणाऱ्या चालकाला काय शिकवले जाते, ही चौकशी व्हायला डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात अशा बसखाली माणसे मरावी लागली.

यंत्रांच्या निवृत्तीत मात्र कसलीही हयगय नसते. 15 सप्टेंबर 2023 रोजी अंधेरीत शेवटच्या डिझेल डबलडेकरला हारफुलांनी निरोप दिला गेला, आणि 22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाचे 747 जातीचे ‘आग्रा’ हे विमान मुंबईला पंख हलवून अभिवादन करीत अमेरिकेला सुटे होण्यासाठी गेले. ठरलेले वय, जाहीर तारीख आणि गळ्यात हार या सेवाशर्ती ताफ्याला आहेत. त्या चालकालाही लागू कराव्यात, अशी मागणी कोणत्याही सनदेत आढळत नाही.

चारकोपच्या कारशेडमध्ये मुक्कामाला येणाऱ्या मेट्रो 2अ च्या गाड्या तर चालकाविना धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत. तेथे कोणाला वर ढकलायला नको की बाजूला सारायला नको, कारण खुर्चीच ऐच्छिक आहे. 2022 पासून या गाड्यांत चालक बसवलेला आहे खरा; पण तो प्रवाशांना धीर यावा एवढ्यासाठीच असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे, आणि तसे असल्यास पुढच्या वेतनकरारात धीर-भत्ता मागायला त्याने उशीर करू नये.