होम्सला विचारलं असतं तर

भूतकथा लिहिणारा माणूस भरदुपारीही दचकत असेल आणि रहस्यकथा लिहिणारा घरच्या गवळ्यालाही उलटतपासणीशिवाय सोडत नसेल, असा माझा समज होता. एम. आर. जेम्स आणि आर्थर कॉनन डॉयल या दोन साहेबांनी तो पार उलटा करून ठेवला.

जेम्स केंब्रिजचे गाढे विद्वान. एरवी जुन्या हस्तलिखितांच्या सूच्या करायच्या आणि नाताळच्या आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना स्वतःची ताजी भूतकथा ऐकवायची. 1904 मध्ये त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला. आपली भुतं नारळ-कोंबड्यावर समजूत काढून घेतात. जेम्स यांची भुतं तडजोड करत नाहीत. जुने कागद चाळणारा किंवा पडकी देवळं उकरणारा पंडित दिसला, की त्याच्याच मानगुटीवर बसतात. त्या कथा वाचल्यापासून मी माळ्यावरची ट्रंक उघडलेली नाही. घरचे याला आळस म्हणतात. एका कथेत तर शेजारच्या रिकाम्या पलंगावरची चादरच उठून बसते!

आणि एवढी घाबरगुंडी उडवणारे जेम्स स्वतः काय म्हणत? भुतं असतील तर पुरावा आणा, तपासून बघू.

डॉयल पेशाने डॉक्टर. त्यांचा शेरलॉक होम्स बुटावरचा चिखल पाहून माणूस कुठून आला ते सांगणारा. 1917 मध्ये कॉटिंग्ली गावातल्या दोन मुलींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. डॉयलसाहेबांनी ते खरे मानले आणि 1922 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे 1983 मध्ये, आजीबाई झालेल्या त्या मुलींनी सांगून टाकलं, की त्या पऱ्या कागदाच्या होत्या, टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या. चित्रांचा नमुना एका भेटपुस्तकातला. त्याच पुस्तकात डॉयल यांचीही कथा छापलेली होती! होम्सने हे प्रकरण पाइप पेटवेपर्यंत निकालात काढलं असतं. पण त्याला विचारतो कोण?

मला वाटतं, डॉयल यांनी आपला सगळा संशय होम्सला देऊन टाकला. स्वतःसाठी चिमूटभरही ठेवला नाही. जेम्स यांनी आपली भीती वर्षातून एकदा मित्रांत वाटली आणि स्वतः निवांत झोपले. दोघांच्याही उदारपणाचा लाभार्थी मी. त्यामुळे भुतांवर माझा विश्वास नाही, पुरावाच नाही ना! उन्हाळा असो की हिवाळा, मी पांघरूण मात्र घेत नाही. चादरीचा काय भरवसा?