जुन्या डेस्कटॉपला रॅम किती घालावी? (नवशिक्यांसाठी)

साहित्य : 'अजून नवाच आहे' असे घरात मानले जाणारे एक जुने मशीन, स्क्रू ड्रायव्हर, खोडरबर आणि एक भाचा. स्वतःचा भाचा नसल्यास शेजाऱ्यांचा चालेल.

प्रथम भाच्याला विचारावे. मोबाइलमधून मान वर न काढता तो 'सोळा जीबी' म्हणेल. आकडा कागदावर लिहून घ्यावा, म्हणजे त्याला बरे वाटते. मग वडील म्हणतील, "आपल्याकडे पाचशे जीबी आहेत की!" ती हार्ड डिस्क. माळा मोठा असला म्हणून ओट्यावर चार पातेली जास्त मावत नाहीत, एवढेच सांगून विषय थांबवावा.

आता खुद्द मशीनला विचारावे. रोज उघडता ते सगळे उघडा : टॅली, एक्सेल, ब्राउझरमधले रेल्वे तिकीट आणि कोणीच बंद न केलेले बावीस टॅब. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर येतो. त्यात मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम खरोखर कमी आहे. निम्मी रिकामी असूनही मशीन रखडत असेल, तर दोष बहुधा जुन्या डिस्कचा. अशा वेळी रॅमचे पैसे एसएसडीवर घालवावेत. डिस्कच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून निदान करू नये. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच टाकते, त्यामुळे दिवा दोन्ही आजारांत सारखाच लुकलुकतो.

यानंतर मदरबोर्डची परवानगी काढावी. घरात सगळ्यांचे ऐकून झाले तरी अंतिम मत त्याचेच. इंटेलचा जी३१ चिपसेट ४ जीबीच्या पुढे जात नाही, जी४१ आठपर्यंत आणि एच६१ सोळापर्यंत जातो. विंडोज ७ ३२-बिट असेल, तर ४ जीबी लावूनही साधारण सव्वातीनच वापरता येतात. उरलेले पत्ते ग्राफिक्स आणि इतर मंडळी आधीच अडवून बसलेली असतात. तक्रार करायला खिडकी नाही. ६४-बिट घालावे.

हिशेब असा : नुसते टायपिंग आणि जुने विंडोज, तर २ जीबी. लिनक्स मिंट, तर ४. विंडोज १० आणि वरचे बावीस टॅब, तर ८. विंडोज ११ साठी रॅम वाढवायला निघाला असाल, तर थांबा. ते ४ जीबीवर राजी होते, पण जुना प्रोसेसर पाहून अधिकृतपणे नाही म्हणते.

दुकानात जाताना जुनी रॅम सोबत न्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराचा पहिला प्रश्न 'डीडीआर टू की थ्री?' असाच असतो. दोन्हींना २४० पिना, लांबी तीच, खाच मात्र वेगळ्या जागी. बसत नसेल तर दाबू नये. मागून कोणीतरी 'जरा जोर लाव ना' म्हणेलच, त्याला चहा करायला पाठवावे.

बसवल्यावर मशीन नुसतेच बीप-बीप करू लागले, तर वीज बंद करून रॅम काढावी, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन लागेपर्यंत पुन्हा बसवावी. तरीही ओरडत असेल तर स्लॉट बदलावा. रबराचा चुरा ब्रशने झाडावा. फुंकर मारायचीच असेल, तर आधी तोंडातला चहा गिळावा.