तळमजला गाड्यांसाठी राखीव

पुण्यातली लिफ्ट मानी असते. ती जमिनीपर्यंत उतरत नाही. चार-पाच पायऱ्या चढून आधी तुम्ही तुमची लायकी सिद्ध करायची, मग ती दार उघडते. जुन्या इमारतींना मागाहून बाहेरच्या अंगानं चिकटवलेल्या लिफ्टा तर त्याहून मानी. त्या मजल्यावर थांबतच नाहीत. थांबतात दोन मजल्यांच्या मधे, जिन्याच्या वळणावर, कारण तिथं खिडकी होती आणि खिडकी फोडणं स्वस्त पडलं. आठ पायऱ्या वर गेलं की तिसरा मजला, आठ खाली आलं की दुसरा. व्हीलचेअरवरच्या बाईनं वळणावरच संसार थाटावा. हवा छान येते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण खाते. उंदरानं वायर कुरतडल्यावर घरातले दिवे जसे लागतात, तसे माझे पाय चालतात. त्यात या आजाराला उष्मा सोसत नाही. सकाळी मी काठी टेकत ओट्यापर्यंत जाते आणि एप्रिलच्या दुपारी त्याच ओट्यापासून पलंगापर्यंत मला चाकं लागतात. लोकांना हे पटत नाही. अपंगानं कसं, एकदा बसलं की बसावं. "काल तर उभ्या होतात की!" असं आमचे सेक्रेटरी म्हणाले, ते चोर रंगेहाथ सापडल्याच्या सुरात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, त्यात एमएसचं नाव आहे, माझ्या दाखल्यावर टक्केही आहेत. पण सेक्रेटरींनी मला कुंडीला पाणी घालताना पाहिलंय. त्यापुढे सिव्हिल सर्जनची सही ती काय!

म्हणून म्हटलं, सोयीचं घर शोधू. एजंट मंडळी फार अदबशीर. माझ्याबद्दलचे सगळे प्रश्न ते माझ्या डोक्यावरून नवऱ्याला विचारतात. "सर, मॅडमना दोन पायऱ्या चालतील ना?" मी तळमजला मागितला की मात्र ते हसतात. तळमजला आता गाड्यांना मिळतो. नव्या इमारतीत माणसं पहिल्या मजल्यापासून सुरू होतात, खाली सगळं पार्किंग. मोटारीला जिना चढता येत नाही, हे बिल्डरला कुणी कायदा करून सांगावं लागलं नाही. तिला उतार किती हवा, वळायला जागा किती, दोन खांबांत अंतर किती, सगळं त्याला तोंडपाठ. आणि गाडीतून उतरलेल्या माणसासाठी पाच पायऱ्या, त्याही गुळगुळीत ग्रॅनाइटच्या. "लॉबीला ग्रँड लुक येतो ना, मॅम," एका साइटवरची मुलगी म्हणाली. लुक खरोखरच ग्रँड होता. मी तो फुटपाथवरून पाहिला.

रॅम्प नसतो असं नाही. नकाशात असतो. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४४ म्हणतं, की सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला नाही. त्यामुळे नकाशातला रॅम्प अतिशय सुबक असतो. मानक आहे एकास बारा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. सहा इंची पाच पायऱ्यांचे अडीच फूट होतात, त्याला तीस फुटांचा रॅम्प लागतो, वर दोन्ही बाजूंना कठडे. मी पाहिलेले रॅम्प आठ फुटांत आटोपतात. वरून खुर्ची सोडली तर ती थेट समोरच्या डेअरीत दूध घ्यायला जाईल. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. आणि ते करायला केंद्राला तीन महिने दिले. म्हणजे कायदा झाल्यापासून आठ वर्षं सगळे ते सवडीनं वाचत होते.

शेवटी आहे त्याच फ्लॅटची तोडफोड करायचं ठरलं. बाथरूमचं दार चोवीस इंची, खुर्ची पंचवीस. मिस्त्री आले, त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, आत गेल्यावर वळणार कुठं?" एवढंच विचारलं. मग फरशीवर खिळा धरला, दोरी ताणली आणि खडूनं पाच फुटांचं वर्तुळ काढायला घेतलं. ते निम्मं झालं आणि कमोडला जाऊन अडलं. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतही हाच आकडा आहे, १५०० मिलिमीटर. मिस्त्रींनी ती वाचलेली नाहीत. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. कमोड सरकला, चौकट निघाली, दार बाहेर उघडणारं झालं. मुख्य दाराच्या उंबऱ्यावर पहिला घाव पडला तशा शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं, लक्ष्मी निघून जाईल!" म्हटलं, जाऊ दे काकू, कुणीतरी या घरातून बाहेर पडेल.

राहिल्या खालच्या पायऱ्या. त्या सोसायटीच्या मालकीच्या, त्यामुळे विषय सर्वसाधारण सभेत. आमची सभा प्रथेप्रमाणे गच्चीवर भरते, आणि गच्चीपर्यंत लिफ्ट जात नाही. नवरा फोन उंच धरून उभा राहिला, मी पलंगावरून सभा पाहिली. कोरमअभावी ती तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं तीच माणसं त्याच खुर्च्यांवर पुन्हा जमली. पेंटिंगच्या कोटेशनवर भांडण होऊन बटाटेवडे आले, तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचा विषय म्हणून रॅम्प निघाला. एकाच्या स्कूटरची जागा जात होती. एकाच्या मते ईशान्येला उतार शुभ, पण आमचा आग्नेयेला येतो. "उद्या आणखी कुणी मागितलं तर?" या प्रश्नावर बराच वेळ शांतता पसरली, सभेचं सरासरी वय सत्तरच्या आसपास आहे.

पण माया कुणाची कमी नव्हती. "रॅम्प कशाला, वहिनी? आपली पोरं आहेत की, उचलून नेतील!" हे सगळे एकसुरात म्हणाले. पोरं खरंच गुणी आहेत. आधी चौघंही हात पँटला पुसतात, मग एक जण "वजन किती असेल?" असं माझ्यादेखत विचारतो, आणि उचलताना हटकून कुणाच्या तरी तोंडून "मोरया" निघतं. गणपतीला निदान वर्षातून एकदाच उचलतात. मला फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा असते, आणि त्या वेळी पोरं ऑफिसात, हिंजवडीत.

अखेर ठराव झाला, सूचक-अनुमोदकासह, सर्वानुमते. रॅम्प मंजूर. खर्च संबंधित सभासदानं करावा. वापर सर्वांनी करावा. गणेशोत्सवाचे दहा दिवस त्या जागी मंडप राहील. त्या काळात वहिनींना कुठं जायचं झालं तर पोरं आहेतच.