गेवराईत ड्रॅगन शिकवताना घ्यावयाची काळजी

चौथीच्या वर्गात अद्भुतकथा शिरली, की एक धोका असतो: पोरं वाचायला लागतात. हे टाळून कादंबरीचा उपक्रम राबवायचा असेल, तर शिक्षकाने पुस्तकाची साठा नोंदवहीत नोंद करावी आणि ते कपाटात ठेवावं. किल्ली मुख्याध्यापकांकडे असावी, मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला.

उदाहरणादाखल टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ घ्यावी. ती छापावी की नाही, हे लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी १९३६ साली आपल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारलं. रेनरने एक शिलिंग घेतला आणि लेखी कळवलं, की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल. पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं. आपल्याकडे मुलांना असलं काही विचारू नये. ती आवडलं-नावडलं सांगून मोकळी होतात, अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक लिहीत नाहीत.

कोऱ्या पानांवरही नजर हवी. टॉल्किन परीक्षेचे पेपर तपासत होते. कुणा विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं पान हाती आलं आणि त्यावर त्यांनी या गोष्टीचं पहिलं वाक्य लिहून टाकलं. बालभारतीच्या पुस्तकांतही २०२३-२४ पासून कोरी पानं आली होती. जानेवारी २०२५मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला, ते बरंच झालं. एखाद्या पानातून हॉबिट निघाला असता, तर खुलासा कुणी द्यायचा?

परिसराशी सांगड घाला, असं प्रशिक्षणात सांगतात. गेवराईत हे जपून करावं, कारण तालुक्यातच गोदाकाठी राक्षसभुवन आहे. नाव काढताच ड्रॅगनच्या राहण्याची सोय होते. मग कुणीतरी १० ऑगस्ट १७६३ची लढाई काढतं: गोदावरी दुथडी भरलेली, निजाम पलीकडे, मागे राहिलेल्या फौजेवर माधवराव पेशवे तुटून पडलेले, दिवाण विठ्ठल सुंदर ठार. तास संपतो, शुद्धलेखन राहतं.

प्रवासाची प्रकरणं तर गाळावीतच. कादंबरीचा नायक बिल्बो तेरा बुटक्यांबरोबर घर सोडतो आणि परततो, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, कारखाना बंद झाल्यावर परतलेली पोरं मागच्या बस्करावर बसलेली असतात. कोपीतल्या रात्री, फडातला बिबट्या, मुकादमाची उचल, सगळं सांगू लागली तर पोषण आहाराची खिचडी गार होईल. शिवाय त्यांची माहिती ‘स्थलांतरित’ या रकान्यात भरलेली आहेच.

उपक्रमाचा फोटो आधीच काढून ग्रुपवर टाकावा. पुस्तक सरळ धरलंय एवढं पाहावं. चाचणीत एकच प्रश्न पुरे: ड्रॅगनचे कोणतेही चार उपयोग लिहा.